घरीच शाळा मांडायची तर



मूल अजून अंगणवाडीच्या उंबऱ्यावर आहे. शाळेला दोन-तीन वर्षं अवकाश आहे. पण घरात, जेवणं आटोपल्यावर, आईबापांचं बोलणं चाललं आहे: याला शाळेत घालायचं, की आपणच घरी शिकवायचं? आणि घरी शिकवायचं तर काय शिकवायचं, कोणत्या पुस्तकांतून?

हा प्रश्न अलीकडे काही ख्रिस्ती घरांतून विचारला जातो. आपल्या बीड जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबं थोडी, आणि जी आहेत ती विखुरलेली. मुलाला पवित्र शास्त्र कळावं, घरातली प्रार्थना त्याच्या अंगवळणी पडावी, दिवसाचे उत्तम तास वर्गाच्या गलक्यात जाऊ नयेत, अशी आईबापांची इच्छा असते. ती इच्छा काही चुकीची नाही. मात्र इच्छा आणि अभ्यासक्रम यांत बरंच अंतर आहे, आणि ते मूल लहान असतानाच चालून पार केलं पाहिजे. सातव्या वर्षी धावपळ करून उपयोग नाही.

आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. बीडमध्ये शाळेत न जाणारं मूल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: कोयत्यावर गेलेल्या आईबापांबरोबर फडात राहणारं मूल. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज या भागांतून गाड्या भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे राहिलेल्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं निघाली, कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवून पाहिल्या गेल्या. एवढं करूनही पुष्कळ मुलांची शाळा सुटतेच. म्हणून शाळाबाह्य मुलांची पाहणी करायला गुरुजी आपल्याकडे दारोदार हिंडतात. उद्या ते तुमच्या दारीही येतील. त्यांच्या कागदावर ‘घरी शिकतो’ असा रकाना नसेल. त्यांना दाखवायला तुमच्यापाशी काहीतरी पाहिजे. काय, ते पुढे सांगतो.

प्रथम घरच्या शिक्षणाचं एक जुनं उदाहरण पाहू. ख्रिस्ती वाचकांना ते नाव परकं नाही. पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवलं. त्या काळी हे मोठंच धाडस होतं. लोकांनी विरोध केला, तेव्हा त्यांनी गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केलं. तिथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं, ते वर्षानुवर्षं हिंडतच राहिलं. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत रमाबाईंना आईनं शिकवलं. ना फळा, ना बाक. पुराणांचे श्लोक तोंडपाठ, व्याकरण तोंडपाठ. आजच्या भाषेत बोलायचं तर ही पूर्णपणे घरची शाळा होती, आणि शिकवणारी होती आई.

त्या शाळेचं फळ काय, ते सर्वांना ठाऊक आहे. १८७८ साली ही मुलगी भावाबरोबर कलकत्त्याला पोचली, आणि तिथल्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात तिनं बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं करून, हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून, सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्याचं काम तिनं एकटीनं अंगावर घेतलं. १९२२ साली तिचा मृत्यू झाला, तेव्हा ते काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. लहानपणी आईनं घटवून घेतलेलं व्याकरण नसतं, तर हे घडलं असतं का? मला तरी वाटत नाही.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती खुद्द रमाबाईंनीच सांगून ठेवली आहे. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘साक्षी’त त्या म्हणतात त्याचा आशय असा: मुलं धर्मनिष्ठ राहावीत, बाहेरच्या जगाचा वारा त्यांना लागू नये, म्हणून आईवडिलांनी संस्कृतखेरीज दुसरी भाषा शिकू दिली नाही. व्यवहाराचं शिक्षण म्हणजे मन संसारात गुंतवणं, अशी त्यांची समजूत होती. पोटापाण्याचा एकही धंदा मुलांच्या हातात नव्हता. मग दुष्काळ आला. जवळचा पैसा संपला, भांडीकुंडी, दागिने गेले. अंगमेहनतीची कामं येत नव्हती, आणि भीक मागायची लाज वाटत होती. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीणही गेली.

दुष्काळाचा अर्थ आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं या जिल्ह्यात अजून आहेत, आणि खडी फोडायला गेलेल्या बाया त्याविषयी अजून बोलतात.

म्हणून घरच्या अभ्यासक्रमाचा विचार करताना माझ्यापुढे रमाबाईंच्या लहानपणाइतकंच त्यांचं केडगावही उभं राहतं. १८९६-९७ च्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली तिथे आणल्या. त्या मुलींना त्यांनी वाचायला शिकवलं, शास्त्र शिकवलं, आणि त्याबरोबर हाताला काम शिकवलं: शेती, विणकाम, छापखाना. ते शास्त्र पुढे केडगावच्याच छापखान्यात छापलं गेलं, आणि खिळे जुळवणारे हात त्या मुलींचे होते. ज्या बाईच्या घरच्या शाळेत धर्म होता पण धंदा नव्हता, तिनं स्वतः शाळा काढली तेव्हा दोन्ही एका छपराखाली आणलं. घरी शिकवू पाहणाऱ्या ख्रिस्ती आईबापांनी याहून चांगला सल्लागार दुसरीकडे कुठे शोधू नये.

आता पुस्तकांकडे वळू.

घरी शिकवायचं म्हणून आईबाप चौकशीला लागले की प्रथम हाती येतो तो अमेरिकेतला तयार अभ्यासक्रम. तिकडे ख्रिस्ती घरांतून मुलांना घरी शिकवण्याची चाल १९८० च्या सुमारापासून चांगलीच पसरली, आणि तिच्याबरोबर पुस्तकांचा व्यापारही वाढला. टेक्सासमधून १९७० साली निघालेली एक पद्धत तर जगभर गेली आहे. दर विषयाला वर्षाच्या बारा पुस्तिका. मूल आडोशाच्या टेबलाशी एकटं बसून त्या सोडवतं. अडलं की छोटं निशाण उभं करतं, म्हणजे मोठं माणूस येऊन पाहतं. प्रत्येक पानावर वचन, प्रत्येक धड्याला बोध. आईला तयारी जवळजवळ करावी लागत नाही, हे तिचं मोठं आकर्षण.

या पुस्तिकांची मी टिंगल करत नाही. पण त्या कोणासाठी लिहिल्या आहेत, ते पाहा. त्यांतली नाणी सेंटची आहेत, मापं इंचाची, झाडं मेपलची आणि थंडी बर्फाची. आणि भाषा इंग्रजी. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला अक्षर आणि परकी भाषा ही दोन ओझी एकदमच उचलायची. घरातली आजी, जिला अर्धी स्तोत्रसंहिता पाठ आहे, ती या शाळेच्या बाहेर बसणार. बापाला इंग्रजी बेताचं येत असेल तर तोही बाहेर. मग घरच्या शाळेत घर किती उरलं? शिवाय डॉलरात किंमत मोजायची. ती एक वर्ष परवडेल. दहा वर्षं परवडेल का, ते आजच मांडून पाहावं.

याउलट मराठी ख्रिस्ती घराची स्वतःची शिदोरी पुष्कळ जुनी आहे. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोमंतकात छापलं गेलं. त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये निघालं, ते आपल्या शेजारच्या नगरमधून. (नगर जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण जुन्या मुखपृष्ठावर अहमदनगरच दिसेल.) नारायण वामन टिळकांची भजनं आपल्या उपासनेत रोज म्हटली जातात. आणि लक्ष्मीबाई टिळकांना तर शाळेचं शिक्षण नव्हतंच. नवऱ्यानं घरी अक्षरओळख करून दिली, तीही सलग नाही, त्यांच्या लहरीप्रमाणे तुटक तुटक. त्या बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं, आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं. मराठी मूल मोठं झाल्यावर ‘स्मृतिचित्रे’ वाचून हसू शकलं नाही, तर त्याच्या शिक्षणात काही मोठंच राहून गेलं असं मी म्हणेन.

तेव्हा माझं मत सरळ आहे. पाया मराठीचा घाला, आणि सांगाडा बालभारतीच्या पुस्तकांचा ठेवा. बालभारती १९६७ पासून पुस्तकं काढते आहे. ती स्वस्त आहेत, आणि संगणकावर फुकटही मिळतात. त्यांत उणिवा नाहीत असं नाही. आठवत असेल, २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टऐवजी ‘साठ तीन’ असं म्हणायला सुरुवात झाली, तेव्हा केवढा गहजब झाला! समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या की जुनी नावंही ठेवली आहेत, जोडाक्षरांनी मूल अडखळतं म्हणून ही दुसरी वाट दिली आहे. ऐकायला कोणी तयार नव्हतं. घरी शिकवणाराला या भांडणात पडण्याचं कारणच नाही. त्यानं दोन्ही म्हणून घ्यावं, आणि आपलं मूल कशानं चटकन मोजतं ते पाहावं. घरी शिकवण्याचा फायदा तो हाच.

बालभारतीचा सांगाडा धरला की आणखी एक सोय होते. पुढेमागे मुलाला शाळेत घालायची वेळ आली, आणि ती पुष्कळांवर येते, बदली होते, आई आजारी पडते, दुसरं मूल होतं, तर मूल वर्गात परकं पडत नाही.

पद्धत मात्र बाहेरून घ्यायला हरकत नाही. इंग्लंडात शार्लट मेसन नावाच्या बाई होत्या (१८४२ ते १९२३). त्या स्वतः ख्रिस्ती श्रद्धेच्या, आणि घरी शिकवणाऱ्या आईबापांना १८९१ पासून टपालानं अभ्यास पाठवत. त्यांचे दोन नेम फार साधे आहेत. लहान मुलाचा धडा दहा-पंधरा मिनिटांचा असावा. आणि एकदा वाचून दाखवलं की मुलानं ते आपल्या शब्दांत सांगावं. प्रश्नोत्तरं नाहीत, गाळलेल्या जागा नाहीत. उधळ्या पुत्राचा दाखला सांगा, आणि मग मुलाला सांगायला लावा. तो ‘डुकरं’ म्हणाला, आणि त्यांना काय खायला घालत होते तेही म्हणाला, की समजा त्यानं ऐकलं आहे.

आणि पहिलीच्या आधीच्या वर्षांसाठी तर आपल्या ताराबाई मोडक आहेतच. बोर्डीला आणि मग कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवल्या, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं आणली नाहीत. शिंपले, बिया, पानं, खडे यांचीच साधनं केली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी गुरांमागेच कुरणशाळा नेली. तुमच्या घरात ज्वारी आहे, तूर आहे, करडई आहे. तिन्ही एकत्र करून मुलाला निवडायला द्या: वर्गीकरण झालं. दहा दहा दाण्यांच्या वाट्या मांडा: दशक झालं. आठवडी बाजारात त्याच्या हातानं पैसे द्या. पावसाळ्यात बिंदुसरेला पाणी आलं की दाखवायला न्या, आणि उन्हाळ्यात तीच कोरडी पडली की पुन्हा न्या. बालाघाटाच्या उतारावर सीताफळ केव्हा फुलतं, केव्हा डोळे उघडतं, ते वहीत चितारू द्या. सहा वर्षांपर्यंत एवढं झालं तरी पुरे आहे. तीन वर्षांच्या मुलापुढे पाटी ठेवून रोज तासभर बसणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांच्या जिद्दीचं कौतुक आहे, पण मुलाची कीव येते.

इतिहासाला वेगळं पुस्तक शोधू नका. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी आहे. बीडला कंकालेश्वर आहे, खजाना विहीर आहे. ख्रिस्ती मुलाला हे सारं दाखवायचं का, असं विचारणारे आईबाप भेटतात. दाखवायचं! मूल याच मातीत वाढणार, याच शेजाऱ्यांत राहणार. शेजाऱ्याचा देव कोणता आणि त्याचे सण केव्हा, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला स्वतःच्या श्रद्धेविषयी चार शब्द धड बोलता येत नाहीत. मुलाला बाहेरच्या वाऱ्यापासून जपण्याची हौस अनंतशास्त्र्यांनाही होती, हे विसरून चालणार नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी त्याला गल्लीतल्या पोरांत खेळायला सोडा, आणि रविवारच्या शाळेतही त्याला इतर मुलांबरोबरच बसवा, आईच्या मांडीवर नको.

आता कायद्याचं. हा भाग रूक्ष आहे, पण इथेच घोटाळे होतात.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, अंमलात आला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण त्यानं दिलं. दहाव्या कलमात आईबापांनी मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करावं, असं कर्तव्य सांगितलं आहे. पण न केल्यास आईबापांना शिक्षा सांगितलेली नाही. घरच्या शिक्षणाचं नावच त्या कायद्यात नाही. म्हणजे परवानगी लिहिलेली नाही, आणि घरी शिकवणं हा गुन्हाही म्हटलेला नाही. कोणी ‘संपूर्ण कायदेशीर आहे’ असं छातीठोक सांगितलं तर त्यावर विसंबू नका, आणि ‘तुरुंगात टाकतील’ असं कोणी म्हणालं तर भिऊही नका.

काही दारं मात्र बंद होतात, ती आधीच माहीत हवीत. खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागा सुरुवातीच्या वर्गातच मिळतात. ते वय गेलं की गेलं. गेवराई तालुक्यात गढीला नवोदय विद्यालय आहे. तिथल्या सहावीच्या परीक्षेला बसायचं तर तिसरी, चौथी, पाचवी मान्यताप्राप्त शाळेत झालेली लागते. हुशार मुलाच्या आईबापांनी हे दार मिटण्याआधी दहादा विचार करावा.

दहावीपर्यंत पोचायच्या वाटा तीन. पहिली आपल्या ओळखीची, सतरा नंबरच्या फॉर्मची: राज्य मंडळाची दहावी बाहेरून देणं. पण त्या फॉर्मबरोबर शाळा सोडल्याचा दाखला मागतात. ज्यानं शाळेची पायरीच चढली नाही, त्यानं दाखला कुठून आणायचा? म्हणून जन्मापासून घरीच शिकलेल्या मुलाला ही वाट अडचणीची. दुसरी, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ. त्याच्या पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी अशा पातळ्या आहेत. तिसरी, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जी १९८९ साली निघाली. तिथे लहान मुलांसाठी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या तीन पातळ्या आहेत. दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात. आठवीचं प्रमाणपत्र नसलं तरी अभ्यास झेपेल इतकं शिकलो आहे असं स्वतः लिहून दिलेलं चालतं. पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि पाच वर्षांत सुटे सुटे विषय सोडवत जाण्याची मुभा. दहावीला मराठी माध्यमही घेता येतं. माझा कल या तिसऱ्या वाटेकडे आहे. मात्र अर्ज भरण्याआधी त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. गावातल्या ‘सगळं करून देतो’ म्हणणाऱ्या माणसाच्या हाती कागद देऊ नयेत.

शेवटी गुरुजी दारी येतील, त्याबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नये. बिचारे हुकमाप्रमाणे हिंडत असतात. त्यांना आत बोलवावं, चहा द्यावा आणि मुलाच्या वह्या दाखवाव्यात. त्यासाठी वह्या पाहिजेत. रोज तारीख घालून, काय वाचलं, काय मोजलं, काय चितारलं, दोन ओळींत लिहून ठेवायचं. हे काम बापानं करावं. दिवसभर शिकवून आई थकलेली असते, आणि घरी शिकवायचं असा निर्णय दोघांनी घेतलेला असतो. दर तीन महिन्यांनी मुलाच्या अक्षराचं एक पान तारखेसह वेगळं काढून ठेवावं. जन्माचा दाखला, आधार कार्ड आणि लसीकरणाचं कार्ड त्याच पिशवीत असावं.

आणि येत्या जूनच्या आत एकदा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटून यावं. आपण काय करतो आहोत ते सांगावं, पहिलीच्या पुस्तकांची चौकशी करावी. ओळख राहते. पुढे कधी मुलाला शाळेत घालायचं ठरलं, तर कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून घ्यावं लागतं. आणि वयाचा कागद हाताशी नाही, एवढ्या कारणावरून कोणतीही शाळा त्याला परत पाठवू शकत नाही.